माद्रिदच्या घड्याळाने चार रात्री: मित्रमंडळींच्या सहलीची आखणी

मुंबईत मित्रांच्या गटाने परदेशी सहल ठरवायची म्हटली की पहिल्या बैठकीतच ठिकाणांची यादी फुगू लागते. स्पेनचे नाव निघाले की कोणी बार्सिलोना म्हणतो, कोणी सेव्हिया, कोणाला ग्रानादाचा अलहाम्ब्रा राजवाडा पाहायचा असतो आणि कोणी ‘एवढे लांब जातोच आहोत, तर लिस्बनही उरकून घेऊ’ असे सुचवून मोकळा होतो. रजा मात्र प्रत्येकाच्या खात्यावर जेमतेम चार-पाच दिवसांची असते. अशा गटाला माझा सल्ला असा की एकच शहर घ्यावे, ते माद्रिद घ्यावे आणि तेथे उतरल्यावर आपला दिवस त्या शहराच्या घड्याळावर बेतावा. सहल रंगते की फसते, हे बरेचसे या शेवटच्या गोष्टीवर ठरते.

बार्सिलोनाच्या चाहत्यांना हे पटणार नाही. माद्रिदहून बार्सिलोनाला अतिवेगवान रेल्वेने अडीच-तीन तासांत जाता येते हे खरे. पण सामान बांधणे, खोली सोडणे, स्थानक गाठणे आणि नव्या शहरात खोलीची किल्ली हाती पडेपर्यंत बॅगा सांभाळत बसणे यांत दिवसाचा मोठा भाग खर्ची पडतो, आणि सहा जणांच्या गटाला प्रत्येक हालचालीला दुप्पट वेळ लागतो. शिवाय बार्सिलोनाची मौज बरीचशी वास्तूंची आहे. साग्रादा फामिलियासारख्या ठिकाणांची ठरावीक वेळेची तिकिटे आधी काढून त्या वेळांना स्वतःला बांधून घ्यावे लागते. माद्रिदमध्ये वस्तुसंग्रहालये वगळली, तर ‘हे राहिले म्हणजे सगळेच राहिले’ असे एकही ठिकाण नाही. तेथील खरा कार्यक्रम रस्त्यावर, चौकात आणि खाण्याच्या काउंटरवर घडतो, आणि तो मित्रांसोबत करण्याजोगाच आहे.

तारखा आणि व्हिसा

माद्रिद समुद्रापासून दूर, सुमारे ६५० मीटर उंचीच्या पठारावर वसलेले आहे. मुंबईचा दमटपणा तेथे नाही, पण जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३५ अंशांच्या वर सहज जातो आणि हिवाळ्यातील रात्री बोचऱ्या थंडीच्या असतात. एप्रिल ते मध्य जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे सर्वांत सुखाचे महिने. योगायोगाने आपल्या तीन सुट्ट्या माद्रिदच्या दिनदर्शिकेशी चांगल्या जुळतात. १ मे रोजी आपल्याकडे महाराष्ट्र दिन आणि तेथे कामगार दिनाची सुट्टी असते, तर २ मे हा खुद्द माद्रिद प्रांताचा दिवस; १८०८ साली याच दिवशी शहरातील लोक नेपोलियनच्या फौजेविरुद्ध उठले होते. मालासान्या भागातील एका चौकाला त्या तारखेचेच नाव आहे आणि त्या दिवसांत तेथे उत्सवाचे वातावरण असते. १५ ऑगस्टला ला लातिना परिसरात ला पालोमाचा उत्सव रस्त्यावर साजरा होतो. मात्र तेव्हा उन्हाचा तडाखा असतो आणि कुटुंबे चालवतात अशी अनेक जुनी खाद्यगृहे ऑगस्टभर बंद असतात. माझे मत २ ऑक्टोबरला जोडून रजा घेण्याच्या बाजूने आहे. हवा सौम्य असते, उन्हाळी पर्यटकांची गर्दी ओसरलेली असते आणि शहर आपल्या नेहमीच्या लयीत आलेले असते.

व्हिसासाठी अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आणि कमीत कमी १५ दिवस आधी करता येतो, पण गटाने शेवटच्या महिन्याची वाट पाहू नये. निर्णयाला सामान्यतः १५ दिवस लागतात आणि काही प्रकरणांत ती मुदत ४५ दिवसांपर्यंत वाढू शकते. स्पेनचे वाणिज्य दूतावास मुंबईतच आहे, त्यामुळे दिल्लीची वारी करावी लागत नाही. प्रौढांसाठी शेंगेन व्हिसाचे (स्पेनसह बहुतेक युरोपीय देशांत चालणाऱ्या सामाईक व्हिसाचे) शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचे सेवाशुल्क त्याहून वेगळे. किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा सक्तीचा आहे. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला आणि परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने वैध असावा.

गटाच्या अर्जांत चुका होतात त्या कागदांच्या परस्परविसंगतीमुळे. अर्ज प्रत्येकाचा स्वतंत्र असतो. प्रत्येकाला आपले बँकेचे विवरण, प्राप्तिकराची विवरणपत्रे आणि नोकरीच्या ठिकाणचे रजेचे पत्र स्वतःच द्यावे लागते. मात्र मुक्कामाच्या आरक्षणावर सर्वांची नावे असावीत, तारखा सर्वांच्या पत्रांत सारख्याच असाव्यात आणि प्रत्येकाने आपल्या पत्रात सोबत कोण कोण आहे हे लिहावे. एखाद्याचा व्हिसा नाकारला गेल्यास बाकीच्यांनी जायचे की नाही, हा अवघड प्रश्न अर्ज करण्यापूर्वीच मोकळेपणाने बोलून घ्यावा आणि तोपर्यंत रद्द करता येतील अशीच आरक्षणे करावीत.

मुंबईहून दुबई, दोहा किंवा इस्तंबूलमार्गे गेल्यास शेंगेन क्षेत्रातील प्रवेशाची तपासणी माद्रिदला होते, तर फ्रँकफर्ट किंवा पॅरिसमार्गे गेल्यास ती त्या मधल्या विमानतळावरच होते. ऑक्टोबर २०२५ पासून या सीमांवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचे छायाचित्र घेणारी नवी इलेक्ट्रॉनिक नोंदणी सुरू झाली असल्याने, युरोपातील विमानतळावर विमान बदलायचे असेल तर दोन विमानांमध्ये भरपूर अंतर ठेवावे. मांस आणि दुग्धजन्य पदार्थ बाहेरून युरोपीय संघात नेण्यास प्रवाशांना मनाई आहे. तेव्हा आईने प्रेमाने दिलेले पेढे आणि तूप घरीच ठेवून चटणी, खाकरे आणि चिवडा बांधून घ्यावा.

किती जण, कोठे राहायचे, पैसे कोणी द्यायचे

गट सहा जणांपलीकडे जाऊ देऊ नये. माद्रिदमधील नेहमीच्या टॅक्सीत चौघे बसतात, जुन्या बारमध्ये एका उंच टेबलाभोवती पाच-सहा जण जेमतेम मावतात, आणि आठ जणांचे टोळके आरक्षणाशिवाय गेले की शनिवारी रात्री त्याला दारातूनच परत फिरावे लागते.

मुक्कामासाठी वेर्तास हा भाग मला सर्वांत सोयीचा वाटतो. एका बाजूला सोलचा मुख्य चौक, दुसऱ्या बाजूला प्राडो संग्रहालय आणि मधल्या गल्ल्यांत खाण्यापिण्याची गर्दी. सर्वान्तेस आणि लोपे दे वेगा हे लेखक याच वस्तीत राहत होते, आणि वेर्तास रस्त्याच्या फरशीत स्पॅनिश साहित्यातील ओळी धातूच्या अक्षरांत बसवलेल्या आहेत, त्यामुळे येथे चालताना अधूनमधून खाली पाहावे. अडचण एकच, ती म्हणजे रात्रीचा गलबला. खोली आरक्षित करताना रस्त्याकडची न मागता आतल्या चौकाकडची मागावी. उजेड थोडा कमी मिळतो, पण झोप मिळते. घर भाड्याने घेत असल्यास ते अधिकृत परवान्याचे असल्याची खात्री करून घ्यावी. शेजाऱ्यांचाही विचार ठेवावा, कारण पर्यटकांना दिलेल्या घरांवरून स्पेनच्या शहरांत स्थानिक लोक सध्या बरेच संतापलेले आहेत.

खर्चाच्या बाबतीत ‘टीटीएमएम’चा हट्ट सोडावा. तेथील बारमध्ये टेबलाचे बिल सहसा एकच येते, आणि तीन युरोच्या पेयासाठी सहा कार्डे पुढे केली तर काउंटरवरचा माणूस वैतागतो. खुद्द स्पॅनिश मित्रमंडळीही संध्याकाळी बाहेर पडताना वर्गणी काढतात, ती एकाच्या हाती देतात आणि संपली की पुन्हा काढतात. आपणही तसेच करावे. खजिनदार मात्र रोज बदलावा, नाहीतर एकच गरीब बिचारा चारही दिवस सुट्टे मोजत बसतो. यूपीआय तेथे गृहीत धरू नये. फॉरेक्स कार्ड आणि थोडे रोख युरो पुरतात. कार्डाच्या यंत्राने ‘रुपयांत की युरोत’ असे विचारले तर नेहमी युरोच निवडावे, कारण रुपयांचा पर्याय हा दुकानदाराच्या बँकेच्या महाग दराने पडतो.

घड्याळ

भौगोलिकदृष्ट्या माद्रिद हे जवळजवळ ब्रिटनच्या रेखांशावर आहे, पण १९४० पासून स्पेनची घड्याळे मध्य युरोपच्या वेळेवर चालतात. त्यामुळे तेथे सूर्य घड्याळाच्या मानाने उशिरा उगवतो आणि उशिरा मावळतो. जूनअखेरीस रात्री पावणेदहापर्यंत उजेड असतो. जेवणेही त्याच मानाने पुढे सरकलेली आहेत. दुपारचे जेवण दोन ते चार आणि रात्रीचे नऊनंतर. सायंकाळी सहा वाजता भूक लागली म्हणून उपाहारगृहात गेल्यास स्वयंपाकघर बंद असल्याचे कळते, किंवा केवळ पर्यटकांसाठी उघडी असलेली, दारात पदार्थांचे फोटो लावलेली दुकाने वाट्याला येतात. बेचव जेवणाची बहुतेक गाऱ्हाणी या सहाच्या जेवणातून जन्माला येतात.

आता यात मुंबईकराची वेगळी अडचण पाहावी. उन्हाळी वेळेत माद्रिद आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, हिवाळ्यात साडेचार. म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीला माद्रिदमध्ये रात्रीचे दहा वाजतात तेव्हा आपल्या शरीराच्या हिशेबाने रात्रीचा दीड वाजलेला असतो, आणि नेमके तेव्हाच तेथे जेवण सुरू होते. उलट पहाटे चार-साडेचारला टक्क जाग येते आणि शहर मात्र गाढ झोपलेले असते. यावर उपाय एकच, आणि तो स्थानिकांनीच शोधलेला आहे: दुपारी भरपूर जेवावे आणि साडेचार ते साडेसहा चक्क झोपावे. चार दिवसांच्या सहलीत झोपून वेळ वाया घालवायचा का, असा प्रश्न गटातील एखादा उत्साही सदस्य विचारीलच. त्याला पहिल्या दिवशी जागू द्यावे आणि रात्री अकराला त्याचे डोळे पाहावेत.

म्हणून दिवसाचा आराखडा साधारण असा ठेवावा. साडेनऊला कॉफी आणि टोमॅटो चोळलेला भाजका पाव, अकरा ते दोन पायी भटकंती किंवा एखादे संग्रहालय, अडीचला जेवण. सोमवार ते शुक्रवार दुपारी बहुतेक साध्या खाद्यगृहांत ‘मेनू देल दिया’ मिळतो: दोन पदार्थ, पाव, एक पेय आणि शेवटी गोड किंवा कॉफी, सारे मिळून एका ठरावीक किमतीत. रात्रीच्या जेवणापेक्षा तो बराच स्वस्त पडतो, तेव्हा पोटभर जेवण दुपारीच करावे. मग विश्रांती, सातनंतर पुन्हा बाहेर, आणि रात्री एका जागी बसून जेवण्याऐवजी तीन-चार ठिकाणी उभ्याने थोडे थोडे खाणे.

काउंटरवर उभे राहून

हे उभ्याने खाणे म्हणजेच माद्रिदची संध्याकाळ. कोठे जाल तेथे एकच फेरी मागवावी: प्रत्येकी एक पेय आणि सर्वांत मिळून दोन पदार्थ. पेयाबरोबर अनेक ठिकाणी ऑलिव्ह किंवा वेफर्सची बशी आपणहून येते, तिचे पैसे नसतात. पैसे देऊन पुढच्या दुकानात जावे. काउंटरखाली कागदी रुमाल पडलेले दिसले म्हणून नाक मुरडू नये. जुन्या बारमधली ती जुनी चाल आहे. बाहेर मांडलेल्या टेबलांवर बसल्यास तोच पदार्थ थोडा महाग पडू शकतो.

आपल्या बहुतेक गटांत दोघे-तिघे शाकाहारी असतात, आणि स्पेनमध्ये त्यांनी ‘शाकाहारी’ एवढेच सांगून भागत नाही. डुकराचे खारवलेले मांस, म्हणजे हामोन, तेथे मसाल्यासारखे कशावरही पडते. साधे सॅलडही ट्यूना मासा घालून येते, आणि क्रोकेतास हे तळलेले गोळे बहुधा हामोनचेच असतात. त्यामुळे ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन आतून’ (मांस नको, हामोन नको, ट्यूना नको) असे तिन्ही उच्चारावे. मागवण्याजोगे पदार्थ तरीही बरेच आहेत: झणझणीतपणा बेताचाच असलेले पातातास ब्रावास हे सॉस घातलेले तळलेले बटाटे, मधासारखा काकवीचा पाक घातलेली तळलेली वांगी, टोमॅटोचे थंडगार सूप गाझपाचो, मान्चेगो चीज आणि अंडे चालत असेल तर बटाट्याचे जाड ऑम्लेट, म्हणजे तोर्तिया. साल्मोरेखो हे टोमॅटोचे दाट सूप मागवताना मात्र वरचा हामोन आणि अंडे काढायला सांगावे.

या सर्वांत मराठी जिभेला लगेच आपलासा वाटणारा पदार्थ म्हणजे पाद्रोनच्या मिरच्या. बोटाएवढ्या हिरव्या मिरच्या कडकडीत तेलात टाकतात. साल फुगून तिच्यावर पांढुरके, मग तपकिरी फोड येतात, तेव्हा त्या निथळून वर जाडे मीठ भुरभुरून बशीत देतात. देठाला धरून एका घासात खायच्या. दिसायला त्या वडापावाबरोबर मिळणाऱ्या तळलेल्या मिरचीच्या थोरल्या बहिणीच, पण तिखट नव्हेत. दहा-बारा जणी गोडसर निघतात आणि मग एखादी अचानक झोंबते. ती कोणाच्या वाट्याला येते यावर पुढच्या फेरीचे बिल लावण्याची प्रथा गटाने बेलाशक सुरू करावी.

जैन मित्र सोबत असल्यास, किंवा कांदा-लसूण वर्ज्य असल्यास, स्वयंपाकघर असलेले घरच घ्यावे. लावापिएस भागात भारतीय आणि बांगलादेशी लोकांची खाद्यगृहे व किराणा दुकाने आहेत, तेथे डाळ-तांदूळ मिळण्याची चिंता नाही. मद्य न घेणाऱ्यांनी ‘मोस्तो’ मागावा. तो द्राक्षाचा रस असून बर्फ आणि संत्र्याची चकती घालून त्याच थाटात येतो, त्यामुळे हातात पाण्याची बाटली घेऊन कोपऱ्यात उभे राहण्याची पाळी येत नाही. घेणाऱ्यांनी सांग्रियाच्या (फळे घातलेल्या वाइनच्या) मागे न लागता ‘तिन्तो दे वेरानो’ (सोडा घातलेली लाल वाइन) मागवावे, स्थानिक लोक तेच पितात. नळाचे पाणी उत्तम असते आणि खाद्यगृहांनी ते मोफत देणे कायद्याने बंधनकारक आहे. रस्त्यावर मद्य पिण्यास मात्र बंदी आहे.

रविवार राखून ठेवावा

विमानाची तिकिटे काढताना गुरुवारी पोहोचून सोमवारी निघण्याची सोय पाहावी, कारण माद्रिदचा रविवार चुकवण्यासारखा नाही. सकाळी नऊपासून एल रास्त्रो हा जुना बाजार भरतो आणि दुपारी तीनच्या सुमारास उठतो. कास्कोरो चौकातून सुरुवात करून रिबेरा दे कुर्तिदोरेस हा उतार खाली उतरत जावे. दहाच्या आत पोहोचल्यास मोकळेपणाने पाहता येते, बारानंतर केवळ ढकलले जाणे उरते. मुख्य रस्त्यावरचे टी-शर्ट आणि पिशव्या सोडून बाजूच्या गल्ल्यांत शिरावे, तेथे जुनी पुस्तके, पितळी कड्या-कोयंडे, घड्याळांचे सुटे भाग आणि कोणाच्या तरी आजीच्या चिनी मातीच्या बश्या मांडलेल्या असतात. खिसेकापूंचा हा आवडता दिवस असल्याने पासपोर्ट खोलीच्या तिजोरीत ठेवून केवळ त्याची प्रत बाळगावी आणि फोन मागच्या खिशात ठेवू नये.

एकच्या सुमारास बाजारातून वर येऊन कावा बाखा रस्त्यावर शिरले की सगळे माद्रिद वेरमुत ही मसालेदार वाइन प्यायला आलेले दिसते. तेथून उशिरा जेवण, आणि मग रेतिरो उद्यानातील तळ्याकाठी संध्याकाळ. त्या दिवशी दुसरे काहीही ठरवू नये.

संग्रहालयांचे मी थोडक्यात सांगतो. १८१९ साली उघडलेले प्राडो सोमवार ते शनिवार सायंकाळी सहा ते आठ आणि रविवारी पाच ते सात विनामूल्य असते. रांग लांब असते, पण दोन तासांत वेलाझ्केझचे ‘लास मेनिनास’ आणि २-३ मे १८०८ च्या घटनांवरील गोयाची दोन चित्रे नीट पाहून होतात. आत छायाचित्रे घेता येत नाहीत. रेइना सोफिया मंगळवारी बंद असते. तेथे पिकासोचे १९३७ मधील ‘गेर्निका’ आहे, आणि गटातील ज्याला चित्रकलेत काडीचाही रस नाही त्यालाही ते पाहायला न्यावे. एका दिवसात दोन्ही संग्रहालये करू नयेत.

फ्लामेन्को या गायन-नृत्याचा एक प्रयोग आधी आरक्षण करून पाहावा. तो मूळचा दक्षिण स्पेनमधील अँडालुसियाचा, पण माद्रिदमध्ये त्याची जुनी आणि कसदार ठिकाणे आहेत. कोरल दे ला मोरेरिया १९५६ पासून चालू आहे. जेवणासह तिकीट महाग असते, केवळ पेयासह असलेले घ्यावे. टाळ्यांचा ताल हा त्या वादनाचाच भाग असल्याने मध्येच आपल्या टाळ्या मिसळू नयेत. त्यानंतर नाचायला जायचे असल्यास घाई नको, कारण क्लब एक-दीडपूर्वी रिकामेच असतात. मेट्रो रात्री साधारण दीडपर्यंत धावते. पुढे सिबेलेस चौकातून रात्रीच्या बस सुटतात. आणि पहाटे कितीही वाजले तरी सोलजवळच्या सान हिनेस या १८९४ पासूनच्या दुकानात चुरोस (तळलेल्या पिठाच्या कांड्या) आणि चमचा उभा राहील इतके दाट चॉकलेट मिळते. भल्या पहाटे जाग येणाऱ्यांना आणि अजून झोपायला न गेलेल्यांना गाठ घालायला ही जागा चांगली.

फिरण्यासाठी मेट्रोचे ‘मुल्ती’ कार्ड घेऊन त्यात दहा फेऱ्या भराव्यात. एकच कार्ड सगळ्यांना चालते, एकाने टेकवून आत जायचे आणि मागच्याच्या हाती द्यायचे. विमानतळाच्या स्थानकासाठी प्रत्येकी तीन युरोंचा अधिभार वेगळा पडतो. मेट्रो डाव्या बाजूने धावते, रस्त्यावरील वाहने मात्र उजव्या बाजूने. रस्ता ओलांडताना आपली उजवीकडे आधी पाहण्याची सवय तेथे धोक्याची आहे. शहराबाहेर जाण्याची हौसच असेल तर शुक्रवारी अतोचा स्थानकाहून रेल्वेने अर्ध्या तासात तोलेदो या जुन्या शहरी जाऊन दुपारच्या जेवणानंतर परत यावे. आणीबाणीचा क्रमांक ११२ आहे.

परतीच्या दिवशी खरेदीवरील कर परत मिळवायचा असल्यास दुकानातून घेतलेला ‘दिवा’ अर्ज विमानतळावरील यंत्रात बॅगा देण्यापूर्वीच पडताळून घ्यावा; युरोपीय संघाबाहेरच्या प्रवाशांना २०१८ पासून त्यासाठी किमान खरेदीची अट नाही. वर्गणीत उरलेले युरो तेथेच वाटून घ्यावेत, कारण मुंबईत उतरल्यावर तो हिशेब कोणीही पूर्ण करत नाही.